देवाच्या टोपलीतला अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोनीला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही — ती गेली, आता सांगून काय? पोरांना नाही. भगताला तर नाहीच, भगताच्या कानात घातलं की पाड्यापाड्यावर होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. लागणाऱ्याला सांगायची छाती माझ्यात तेव्हा नव्हती, आजही नाही. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दिसायला तसा दिसत नाही. तंटा झाला की गाव मला बोलावतं, मी जाऊन शहाणपणानं बोलतो, आणि लोक म्हणतात, सोमा बोलला म्हणजे खरं असणार. मी मान हलवतो आणि तंबाखू मळतो.

जामसरचा म्हणून मला सगळे ओळखतात. जन्म मात्र सूर्यमाळचा. सूर्यमाळला तुम्ही गेला असाल तर भादव्यात गेला असाल — सगळं हिरवं, ढग पायाशी. होळीनंतर जाऊन बघा. झरा आटतो. बाया खाली दरीत उतरतात, खडकातल्या एका खळग्यापाशी रांगेनं बसतात आणि करवंटी-करवंटीनं हंडा भरतात. तळाचं पाणी येतं ते पिवळं असतं. तेच प्यायचं. आम्ही दोघं भाऊ तेच पिऊन वाढलो, मी आणि माझा थोरला भाऊ काळू. बाप लवकर गेला. मला विळा धरायला दादानं शिकवलं, नांगराच्या मागं चालायला त्यानंच शिकवलं. आईनंतर मला कुणी भरवलं असेल तर त्यानं.

आमच्यात ज्याच्याकडं मुलीच्या बापाला द्यायला काही नसतं, तो घरजावई जातो. मी गेलो. जामसरला सोनीच्या बापाकडं पाच वर्षं राबलो. घरजावई म्हणजे काय ते घरजावयालाच ठाऊक. जेवायला शेवटी बसायचं आणि बोलायला त्याच्याही शेवटी. पाच वर्षं सासऱ्यानं मला नावानं हाक मारली नाही, 'अरे' म्हणायचा. मग दिवस फिटले, सासऱ्यानं एक खाचर दिलं, मी वेगळी झोपडी घातली आणि जव्हारच्या कचेरीत माझं नाव लागलं — सोमा, राहणार जामसर, कायम. त्या दिवशी मी घरी येताना वाटेत एकटाच हसत होतो. का हसलो ते आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं.

त्या काळी मोखाड्याकडचा डोंगर, आमच्या सूर्यमाळसकट, इंग्रजाचा आणि जव्हार, जामसर धरून, राजाचं. मधे काही भिंत नव्हती. गुरं इकडची तिकडं चरत, बाजार मोखाड्याचा आम्हालाही चाले. पण बाहेरच्या माणसाला संस्थानात घर घालून राहायचं, जमीन कसायची, तर तसं येता येत नसे. आधी इथं राहणाऱ्या रक्ताच्या नातेवाइकानं अर्ज द्यायचा — हा माझा, याच्या बऱ्यावाइटाला मी जबाबदार. मग गावच्या पाटलानं त्यावर आपली खूण करायची, मग तो कागद कचेरीत जायचा. कचेरीचा हुकूम आला की माणूस यायला मोकळा. अर्ज देणाऱ्याशिवाय कागद हलत नसे. एवढं लक्षात ठेवा. सगळं त्यावर आहे.

दादाची दोन पोरं गेली. दोन्ही वैशाखात, दोन्ही त्या पिवळ्या पाण्यानं. दुसरं गेल्यावर तो मला भेटायला जामसरला आला. दोन दिवसांची चाल. घरात न येता तो आधी आमच्या ओहोळापाशी गेला आणि पाण्यात पाय सोडून बसला. मी त्याला शोधत गेलो तेव्हाही तो तिथंच होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सोम्या, तुमच्याकडं वैशाखात पण पाणी वाहतं."

त्यानं काही मागितलं नाही. मीच म्हणालो — ये ना दादा, वहिनीला घेऊन ये, मी अर्ज देतो. आणि तेव्हा मी मनापासून म्हणालो. हे खरं मानाल का? मला स्वतःलाच कधीकधी खरं वाटत नाही.

जेठात पेरणीच्या आधी आम्ही दोघं जव्हारला गेलो. कचेरीबाहेर चिंचेखाली एक म्हातारा अर्ज लिहून देत असे. त्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं — काळू हा माझा सख्खा भाऊ, एका आईच्या पोटचा, त्यास कुटुंबासह जामसर येथे कायम राहण्याची परवानगी व्हावी. आमचं बोलणं कागदावर असं उमटलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. 'एका आईच्या पोटचा' याला दादानं मान खाली घातली. मी अंगठा दिला, मग त्यानं दिला. त्याच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, लहानपणी तो मला विळा धरायला शिकवत होता तेव्हा मीच त्याला कापलं होतं. शाईत तेवढी पांढरी रेघ उठली. म्हातारा म्हणाला, ही कशाची? दादा हसला आणि म्हणाला, "ही याची सही." आम्ही तिघंही हसलो.

कागद माझ्याकडं आला. पाटलाची खूण घ्यायची आणि पुन्हा जव्हारला नेऊन द्यायचा. दोन खेपांचं काम. पंधरा दिवस धरा.

तो कागद मी दिला नाही.

झालं, सांगून झालं. पण तुम्ही विचाराल, का? तुम्ही नाही विचारलंत तरी मी इतकी वर्षं विचारतोच आहे. आधी मी स्वतःला सांगितलं, लावणी चालू आहे. मग पाटलांना ताप होता. खरंच होता, चार दिवस. मग भातकापणी आली. मग मी म्हणायला लागलो, खाचराचं काय? अर्ज लिहायच्या आधीच पाटलांनी दादासाठी म्हणून ओहोळाकाठची पडीक खाचरं दाखवली होती, आणि त्यात मी दोन वर्षं गुपचूप उडीद टाकत होतो. ती जातील म्हणून दिला नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःपाशी कबूल करत आलो. लोभ म्हटलं की माणूस निदान माणसासारखा तरी दिसतो. पण तेही पुरतं खरं नाही. उडीद किती व्हायचा? दोन पायल्या.

खरं फार लहान आहे. सांगायला लाज वाटते ती त्याच्या लहानपणाची.

जव्हारहून अर्ज करून आम्ही परत जामसरला आलो, तेव्हा गावात एक लग्न होतं. दादा तारपा वाजवायचा. कुणीतरी त्याच्या हातात तारपा दिला. त्यानं फुंकला आणि पोरंपोरी उठली, बाया उठल्या, माझा सासरा उठला. पाच वर्षांत ज्याला मी कधी हसवू शकलो नाही तो म्हातारा दादाच्या खांद्यावर हात टाकून नाचला. मी कडेला उभा होतो. बाहेरगावचा एक पाहुणा मला बघून शेजारच्याला विचारत होता, हा कोण? आणि शेजारचा — जामसरचाच, रोज मला बघणारा — म्हणाला, "हा काळूचा भाऊ."

एवढंच. कुणी मला शिवी दिली नाही, मारलं नाही. माझ्या गावात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मी काळूचा भाऊ झालो. एका दुपारीत. सूर्यमाळला जन्मभर तोच होतो, तेच तिथं सोडून आलो होतो. पाच वर्षं 'अरे' ऐकून मी सोमा झालो होतो आणि हा आला की संपलं, असं मला वाटलं. त्याचा त्यात काय दोष? काहीच नाही. त्याला तर ठाऊकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सूर्यमाळला गेला आणि मी कागद पाटलाकडं न नेता आढ्याला खोचला.

पाटलांना मी सांगितलं, दादाचा विचार फिरला, तो येत नाही. ते म्हणाले, मग ती खाचरं तूच कर. मी केली.

आणि दादाला? दादा मला मोखाड्याच्या बाजारात भेटायचा. दिवाळीनंतरच्या बाजारात त्यानं पहिल्यांदा विचारलं, काय कळलं का रे? मी म्हणालो, अर्ज दिला, दादा. कचेरीचं काम, वेळ लागतो. तो लगेच म्हणाला, "लागणारच. राजाला काय आपलं एकच काम आहे?" माझ्या खोट्याला त्यानंच ठिगळ लावून दिलं. पुढंही तेच होत गेलं. मी अर्धं बोलायचो, उरलेलं तो पुरं करायचा. पाटलांना विचारू नको, ते चिडतात, एवढं मात्र मी दरवेळी न विसरता सांगायचो.

आता देवाचं सांगतो. आमच्यात घरचा देव टोपलीत असतो. तांदूळ भरलेली टोपली, त्यात हिरवा नावाचा देव, मोरपिसांचा जुडगा. त्या तांदळात हात घालायचा तो घरच्या कर्त्या पुरुषानं, नाहीतर त्याच्या सख्ख्या भावानं. बायकोनं नाही, सासऱ्यानं नाही, कुणीच नाही. पोरगा कर्ता झाला की बाप टोपली त्याच्या स्वाधीन करतो. नवं पीक आलं की आधी देवाला द्यायचं, मग घरानं तोंडात घालायचं. त्याच्याआधी भूक लागली तरी कंद खाऊन राहायचं, नवा दाणा नाही. आणि घर हलवायचं असेल तर देव आधी जातो, माणसं मागून जातात. एकदा पुढं गेलेला देव माणसं पोचल्याशिवाय उलटा फिरवत नाहीत.

माघात दादानं विचारलं, देव पुढं पाठवू का? वहिनीला दिवस राहिले होते. पोर जामसरला जन्मावं, देव आधीच तिथं असावा, असं तिला वाटत होतं.

इथं बघा. इथं तरी मी तोंड उघडायचं होतं. थांब दादा, घाई करू नको, इतकं म्हणायला काय लागत होतं? कागद दिला नाही असं म्हणायचीही गरज नव्हती. पण थांब म्हटलं तर तो विचारेल, का थांबू? तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, पाठव.

तो स्वतः डोक्यावर टोपली घेऊन आला. दोन दिवस टोपली त्यानं भुईवर टेकवली नाही, वाटेत एका झाडाच्या फांदीला टांगून झोपला. माझ्या घरात कोपऱ्यात देव बसवला, तांदळात हात घालून नमस्कार केला आणि म्हणाला, आता निम्मं घर तर आलं.

तो गेल्यावर मी आढ्याचा कागद काढला आणि त्या टोपलीत, तांदळाखाली ठेवला. आढ्याला सोनीचा हात पोचायचा, उंदीर पोचायचे. टोपलीत कोण हात घालणार? मला वाटलं, जगात याहून चांगली जागा नाही. देवाखाली खोटं ठेवताना भीती वाटली नाही का? वाटली. पण माणसांची जास्त वाटत होती.

मुलगी झाली. श्रावणात, सूर्यमाळलाच. तिचं नाव त्यांनी जामी ठेवलं. जामसरची म्हणून.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की दादा नवी नागली घेऊन दोन दिवस चालून माझ्या घरी यायचा. देव माझ्याकडं, मग नवं खायचं कसं? तिकडं वहिनी नव्या दाण्याला हात न लावता त्याच्या परतीची वाट बघायची. तो येणार म्हटलं की मी आदल्या दिवशी कागद काढून कमरेला बांधायचो. तो तांदळात हात घालायचा, दाणे वाहायचा, जेवायचा. मी पुढ्यात बसलेलो, कमरेला कागद. तो गेला की पुन्हा तांदळाखाली. दुसऱ्या वर्षी जामीला खांद्यावर घेऊन आला. सव्वा वर्षाची असेल. आमच्या ओहोळात तिला बसवलं तर उठायला तयार होईना, ओढून काढली तर रडून रडून गाव गोळा केलं. सोनी म्हणाली, "भावजी, हिला ठेवून जावा. तुमचा हुकूम येईल तेव्हा येईल." दादानं माझ्याकडं बघितलं. सोनी पण बघायला लागली.

मी म्हणालो, हुकूम नसताना पोर ठेवली तर अर्जाला बाधा येईल.

हे मी म्हणालो. या तोंडानं. सोनी चिडली, म्हणाली, लहान पोर कोण मोजतंय? दादानं तिला गप्प केलं. म्हणाला, सोम्या कचेरीत जातो-येतो, त्याला ठाऊक आहे ते. आणि पोरीला उचलून निघाला. ओहोळ दिसेनासा होईपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं.

वहिनीचे भाऊ खाली नदीकाठी राहत होते, इंग्रजाच्याच हद्दीत. तिथं यायला ना अर्ज ना हुकूम. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, उन्हाळ्यापुरते तरी या, मग हवं तर इथंच राहा. दादा गेला नाही. देव जामसरला पाठवलेला, तो उलटा फिरवायचा कसा? आणि आज-उद्या हुकूम येईल, आपण घरी नसलो तर? घराचा पेंढाही त्यानं बदलला नाही. देव नसलेलं घर नव्यानं शाकारायचं नसतं. दोन पावसाळे ते गळक्या छपराखाली राहिले. का, तर मी बाजारात दर खेपेला म्हणत होतो, होईल दादा, आता होईलच.

त्यापुढच्या वैशाखात जामी गेली. दोन वर्षांचीही नव्हती. हगवण लागली, तीन दिवसांत संपली.

जेठाच्या बाजारात दादानं मला सांगितलं. मिठाच्या दुकानाबाहेर उभे होतो. मी खाली बसलो. तोही माझ्याशेजारी बसला. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नको. तुझ्या हातात काय होतं?"

मी घरी आलो आणि कागद काढला. आता तरी देऊ या. वहिनी जिवंत आहे, दादा जिवंत आहे, अजून पोरं होतील. मी जव्हारला गेलो. खोटं नाही, खरंच गेलो. चिंचेखालचा तो म्हातारा तिथंच होता. त्याला म्हटलं, हा जुना कागद चालेल का? त्यानं डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे, इतके दिवस कुठं ठेवला होता असं विचारतील. नवा करू, भावाला घेऊन ये.

भावाला घेऊन ये. म्हणजे त्याला सांगायचं, नवा अंगठा पाहिजे. तो विचारणार, जुन्याचं काय झालं? मी कचेरीच्या पायऱ्यांपाशी दुपारभर बसलो. लोक आत जात होते, बाहेर येत होते. मग मी उठलो आणि घरी आलो. तीन वर्षं मी दुष्टपणा केला असं कुणी म्हणालं तर मी वाद घालीन, म्हणीन, मत्सर होता, चूक झाली. पण त्या दुपारी मत्सर नव्हता. पोर गेली होती, कसला मत्सर? त्या दुपारी मला फक्त पकडलं जायचं नव्हतं. त्यासाठी मी त्यांचं उरलेलं आयुष्य तिथंच ठेवून आलो. कागद पुन्हा तांदळात गेला.

त्या वर्षी त्याची नागली थोडीच झाली. कापायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर यायचा तो दिवाळीआधीच आला. मी रानात होतो, मला पत्ता नाही. सोनीनं त्याला पाणी दिलं, म्हणाली, बसा, बोलावून आणते. तो म्हणाला, राहू दे, मी देवाचं करून घेतो.

मी मोळी घेऊन आलो तेव्हा ती दारातच होती. म्हणाली, भावजी आलेत, आत देवापाशी बसलेत. मी मोळी कशी टाकली ते आठवत नाही. दारातून बघितलं.

तो माझ्याकडं पाठ करून बसला होता. उजवा हात टोपलीत, कोपरापर्यंत. मग हात बाहेर आला. त्यात कागद होता, तांदळाचे दाणे चिकटलेले. त्यानं तो उलगडला. त्याला वाचता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. त्यानं कागद उजेडाकडं धरला, खालच्या बाजूला बघत राहिला. मग आपला अंगठा त्या शाईच्या ठशावर ठेवला. व्रणावर व्रण. तसाच बसला.

किती वेळ? मला विचारू नका. सोनी मागून म्हणाली, आत जा की, बाहेर काय उभे? मी गेलो नाही.

त्यानं कागदाची घडी घातली, पहिल्या घड्यांवरच. तांदळात परत ठेवला, वरून तांदूळ सारखे केले. मग पदरची नवी नागली सोडली, ओंजळीनं वाहिली आणि डोकं टेकवलं. उठून वळला तेव्हा मी दारात होतो. त्यानं मला बघितलं. मी वाट बघत होतो, आता मारेल. मारलं असतं तर मी आडवा हातही घातला नसता.

तो माझ्या बाजूनं बाहेर आला. सोनीनं पान वाढलं होतं, त्याला म्हणाली, जेवायला बसा. तो म्हणाला, "नको गं बाय, लांब जायचं आहे." ओहोळावर जाऊन हातपाय धुतले. तिनं विचारलं, देवाचं काय, कधी येणार न्यायला नाहीतर राहायला? तेव्हा तो थांबला.

"देव इथंच राहू दे," तो म्हणाला. "त्याला तरी पाणी आहे."

सोनीला वाटलं, पोरीच्या दुःखानं बोलला. ती रडायला लागली. तो गेला. मी त्याच्यामागं चार पावलंसुद्धा गेलो नाही.

त्यानंतर तो बाजारात दिसला नाही. सूर्यमाळचा एक जण भेटला, त्यानं सांगितलं, काळू आणि त्याची बायको कोळशाच्या भट्टीवर कामाला खाली उतरली, कुठं ते ठाऊक नाही. घर पडलं, आढं मोडलं. वहिनीच्या भावांनाही काही कळलं नव्हतं. मी शोधायला गेलो का? नाही. सापडला असता तर काय केलं असतं?

सोनी शेवटपर्यंत विचारायची, तुमच्या भावाचा हुकूम कधी आलाच नाही का? मी म्हणायचो, नाही आला. ती मेली तेव्हा मला दुःख झालं, आणि आता कुणी विचारणार नाही हेही त्याच क्षणी मनात आलं. तेही सांगून टाकतो.

ओहोळाकाठची खाचरं अजून माझ्याकडं आहेत. चांगलं पिकतं तिथं. गावात आता मला कुणी काळूचा भाऊ म्हणत नाही. काळू कोण हे ठाऊक असलेलं माणूसच उरलं नाही.

टोपली आहे. आता माझ्या घरचा देव तोच, नवं मी त्यालाच वाहतो. दरवर्षी तांदूळ बदलतो, कागद काढतो, नव्या तांदळाखाली परत ठेवतो. कीड लागली नाही. जाळावा असं पुष्कळदा वाटलं. जाळला नाही, आणि त्याचंही मला काही श्रेय नको. जाळायलाही छाती लागते.

यंदा माझे गुडघे धरलेत, भुईवर बसता येत नाही. थोरला मुलगा देवू, त्याची स्वतःची पोरं आता गुरांमागं जातात, तो परवा म्हणाला, बाबा, यंदापासून नवं मी वाहतो. रीत आहे, मी होय म्हटलं. नागली कापून झालीय. उद्या सकाळी तो आंघोळ करून देवापुढं बसेल आणि तांदळात हात घालील, कोपरापर्यंत.

तो जव्हारच्या शाळेत चार इयत्ता शिकलाय. त्याला वाचता येतं.

कागद मी काढलेला नाही.